खांद्यावरची सावर

आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन करून घ्यायला ते तयार नव्हते. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या दिवशी मी दिसेल त्याच्यावर का खेकसत होते ते कळेल.

हे लोणावळ्यात शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, ह्यांनी शिबिर काढलं. दर फाल्गुनात, होळीपर्यंतचे चार दिवस, हौशी मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून तुंगार्लीला आमच्या घरी उतरायची आणि हे त्यांना डोंगरात फिरवून फोटो काढायला शिकवायचे. निसर्गाचे फोटो. म्हणजे झाड, दगड, पाणी, आभाळ. चुकून एखादा गुराखी कोपऱ्यात आला तर हे लांबून हात हलवून त्याला बाजूला काढायचे. आणि ह्या सगळ्यांच्या पोह्या-चहापासून रात्रीच्या पिठलं-भाकरीपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. शिबिरात मी कधी नाव घातलं नव्हतं, पण माझ्याइतकं हजरही कुणी नसायचं.

तर डोळे. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पिकलाय, काढून टाकायला हवा. घरी आल्या आल्या ह्यांनी जाहीर केलं, "सावर टिपल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवा व्हायचा नाही."

ही सावर म्हणजे कुरवंड्याच्या वरच्या माळावरची काटेसावर. एकटीच उभी, आणि मागे नागफणीचा सुळका. फाल्गुनात अंगावर पान एक नाही आणि शेंड्यापासून खालपर्यंत लाल फुलं. ह्यांना तिचा एक फोटो हवा होता, आणि दर वर्षी काहीतरी बिनसायचं. एकदा म्हणे हवेत धुरळा होता. एकदा रीळच खराब निघालं. नवऱ्याच्या सबबी मी एरवी ऐकून घेत नाही, पण ह्या मला खऱ्या वाटत होत्या.

"ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर?" हे म्हणायचे. "आता एका डोळ्यानं तरी दिसतंय. आणि फोटोग्राफरला एकच लागतो. दुसरा मिटूनच घ्यायचा असतो."

"आणि जिन्याची शेवटची पायरी चुकते ती कुठल्या डोळ्यानं?"

"ती पायरीच तिरकी आहे."

शेवटी आमचा तह झाला. यंदाच्या शिबिरात सावरीचा फोटो काढायचा आणि होळी झाली की तडक पुण्याला. नाही निघाला फोटो, तर पुढच्या फाल्गुनापर्यंत मी ऑपरेशन हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पुढच्या फाल्गुनापर्यंत! मला तर डॉक्टरांनी बाजूला घेऊन बजावलं होतं की फार थांबलात तर मोतीबिंदू आतल्या आत फुटेल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. ते ह्यांना सांगितलं तर म्हणाले, डॉक्टरांचा धंदाच आहे घाबरवायचा. पण हट्टाला पेटलेल्या माणसाशी एवढा तह झाला हेच खूप होतं. त्यामुळे ती सावर ह्यांच्यापेक्षा माझ्याच डोक्यात जास्त बसली होती. ह्यांना तिचा फोटो हवा होता आणि मला ह्यांचे डोळे.

ही चौसष्ट सालची गोष्ट. त्या वर्षी शिबिरात पुण्याच्या बँकेतले बाजीराव होते. माणूस सरळ, पण सामान इतकं की आमच्या लग्नात माझ्या माहेरहूनही आलं नसेल. भिंगं, भिंगांवर लावायच्या रंगीत काचा, काचा पुसायचे रुमाल, रुमाल ठेवायच्या पिशव्या. आणि कामशेतच्या शाळेत शिकवणारी हिरा गायकवाड होती. तिच्याकडे साधा डबा कॅमेरा, पण पोरगी चुणचुणीत. मला भाकऱ्या थापू लागायची आणि थापता थापता ह्यांना प्रकाशाबद्दल प्रश्न विचारायची. आणखी चार-पाच जण होते. तळं झालं, लोहगडवाडीच्या बाजूचे पळस-पांगारे झाले आणि होळीचा दिवस राहिला सावरीसाठी.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. पण बाजीरावांची पिवळी काच हरवली. सगळं घर पालथं घातलं, मी पोह्यांच्या पातेल्यात डाव घालून बघितलं, आणि काच निघाली बाजीरावांच्याच खिशात. मी बोलले त्यांना. पाहुण्याला बोलू नये, पण बोलले. टांग्यांनी जाईपर्यंत उन्हं चांगलीच वर आली. रस्ता संपला तिथे उतरलो आणि पायवाटेनं चालायला लागलो. हे पुढे, हिराच्या खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, तिला उतारावरचा प्रकाश समजावून सांगतोय. चढावर कसला उतारावरचा प्रकाश, पण मी गप्प बसले.

वळण घेतलं आणि आरोळी ऐकू आली. "होळी रे होळी!"

समोरच्या वाटेवर गावातले बापये एका रांगेत उभे होते. डोक्याखांद्यावर गोणपाटाच्या घड्या, आणि त्यावर एक आख्खं झाड. आडवं. मागच्या अंगाला काटे तासलेलं खोड आणि पुढे लाल फुलांनी भरलेला शेंडा. झाडापुढे म्हातारे रखमाजी, नवा फेटा बांधून. त्यांच्या शेजारी त्यांची बायको भागूबाई, नाकात नथ, हातात हळदकुंकवाचं ताट. आणि सगळ्यांच्या तोंडावर असा आनंद की जणू वरातच आलीय.

"या मास्तर, या!" रखमाजी म्हणाले. "यंदा तुमाला वर चढाय नगं. झाडच आनलंय खाली!"

हे थांबले. "कुठलं झाड?"

"कुटलं म्हंजी? तुमची सावर! होळीला दरसाल सावर तोडतोच आमी, रानातली कंची बी. यंदा म्हनलं, मास्तरांचीच घिऊ. मास्तर हितनंच फोटू काडतील. काय वो, खूश?"

हिरानं तोंडावर हात ठेवला. बाजीरावांच्या हातातली पिशवी खाली पडली आणि त्यातून ती पिवळी काच पुन्हा बाहेर आली.

"अहो, पण का?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"का काय बाई? गेल्या साली मास्तर वर ठेचकाळलं. कड्याच्या अंगाला! ह्या शिदूनं कमरंला मिठी मारली म्हून, न्हाईतर सरळ खाली कोकनात. एवढं मोठं मानूस, आमच्या शिवारात काय इपरीत झालं असतं तर आमी तोंड कुटं दाखवावं?"

मला हे नवीन होतं. मला सांगितलं होतं, विजार करवंदीच्या जाळीत अडकून फाटली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आभाळाकडे बघत होते.

"तुमी काडा फोटू," खांदा देऊन उभा असलेला शिदू म्हणाला. घाम गळत होता बिचाऱ्याच्या हनुवटीवरून. "आमी हलत न्हाई. लय येळ झाला, हललोच न्हाई."

"अहो, मग खाली ठेवा की झाड," बाजीराव म्हणाले.

"न्हाऽई!" सगळी रांग एकदम ओरडली. बाजीराव दोन पावलं मागे.

रखमाजींनी समजावून सांगितलं. होळीच्या झाडाला आदल्या दिवशी नारळ द्यायचा, आमंत्रण करायचं, मग तोडायचं. आणि तोडून एकदा खांद्यावर घेतलं की मधे भुईला टेकवायचं नाही. खांद्यावरून उतरेल ते थेट होळीच्या खड्ड्यात. मधे टेकलं तर गावाला वरीस वाईट जातं. म्हणून बापडे आमची वाट बघत, आळीपाळीनं खांदे बदलत, सकाळपासून झाड तोलून उभे होते. आणि आम्ही पातेल्यात काच शोधत होतो.

हे वाटेकडेच्या दगडावर बसले. "आडवी सावर," म्हणाले. "तिरडीवर घातल्यासारखी."

"शुभ बोला हो, सणाचं!"

"काय शुभ बोलू? नागफणी कुठे, ही कुठे! आयुष्यभर ती उभी होती तिथे, म्हणून तर फोटो होता." मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी दुसरी शोधू."

पुढच्या वर्षी. रागावू तरी कुणावर? त्या माणसांकडे बघितलं. कुणाच्या दंडावर काट्याचे ओरखडे, कुणाचं मनगट सुजलेलं, आणि सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते, मास्तर खूश झाले का म्हणून. ज्यांच्यावर चिडायचं तेच मायेनं ओथंबलेले. असली पंचाईत देवानं वैऱ्यावरही आणू नये.

मी भागूबाईचा हात धरला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. "भागूबाई, ह्या माणसाचे डोळे जातील गं." मोतीबिंदू, डॉक्टर, आमचा तह, सगळं. हे मागून "अगं, अगं" करत होते. मी कशाला थांबते!

भागूबाईनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोटू काडल्याबिगर डोळं दावनार न्हाईत?"

"नाही."

"आन् डोळं न्हाईत तर फोटू कशानं काडनार?"

"तेच तर!" मी म्हटलं. "हे तुला कळतं, मला कळतं, टांग्याच्या घोड्याला कळेल!"

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. हे दगडावर आणखी लहान होऊन बसले. भागूबाईनं ताट दुसरीच्या हातात दिलं आणि नवऱ्याकडे वळली. "वर न्या झाड. माघारी."

"माघारी?" रखमाजी म्हणाले. "वर नेऊन काय करू? तितं धरून उबं ऱ्हाऊ? टेकवता यायचं न्हाई."

"खड्डा वर खना. होळी वर करा."

रखमाजींचा फेटा हलला. "होळी देवळाम्होरं अस्ती. आज्यापंज्यापासनं."

"आज्यापंज्याचं डोळं शाबूत व्हतं."

"आन् वनवा? माळावर गवात वाळून कोळ झालंय. एक ठिनगी उडाली की डोंगूर पेटंल. तू इझवनार?"

हे मात्र खरं होतं. डोंगर पेटवून नवऱ्याचे डोळे वाचवा असं म्हणायला तोंड धजेना. भागूबाई पदराचं टोक तोंडात धरून विचार करत उभी राहिली.

"आपल्या खळ्यावर करा," ती म्हणाली.

खळं म्हणजे माळावरची तिची नाचणी-वरई मळायची जागा. चोपून, शेणानं सारवून केलेली. गवताचं पातं नाही. त्यात पहार घालून खड्डा करायचा म्हणजे सुगीला सगळं पुन्हा ठोकून, सारवून घ्यायचं, आणि ते काम कुणाचं हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रखमाजी तिच्याकडे बघतच राहिले. "तुजं खळं?"

"माजंच. तुमचं असतं तर इचारत बसले असते." पुन्हा हशा.

"खळ्यावरून," दगडावरून आवाज आला, "नागफणी डाव्या अंगाला येते. संध्याकाळी उजवीकडून ऊन. पहिल्या जागेपेक्षा... वाईट नाही." हे उठून उभे राहिले होते. सकाळपासून पहिल्यांदा आवाजात जीव आलेला. मला इतकं बरं वाटलं की मी खेकसायचं विसरले.

मग जी धांदल उडाली! झाड खांद्यावरच गर्रकन वळवायचं होतं. शेंडा एका बांबूच्या बेटात अडकला, तो काढला तर बुंधा रखमाजींच्या फेट्याला लागला. "डावीकडं! तुजं डावं न्हवं, माजं!" आरोळ्या, बोंबा, हसणं. ज्या लाकडांची आणि गोवऱ्यांची रास देवळापुढे रचली होती ती सगळी आता वर न्यायची होती. बायकांनी आधी भागूबाईला पोटभर नावं ठेवली, आणि मग पाट्या भरल्या. शिबिरातली मंडळीही लागली. हिरानं पदर खोचून डोक्यावर लाकडाची मोळी घेतली. बाजीरावांनी गोवऱ्यांची पाटी घेतली. गळ्यात ते महागाचं यंत्र आणि डोक्यावर शेणी, दर दहा पावलांवर एक खाली पडायची आणि मागून येणारी म्हातारी ती उचलून पुन्हा त्यांच्याच पाटीत टाकायची. माणूस एका शब्दानं कुरकुरला नाही. सकाळचं बोलणं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

मी ह्यांचा हात धरून चढले. दोघांनाही दम लागत होता. मधे थांबलो तेव्हा मी म्हटलं, "विजार फाटली म्हणे!"

"फाटली होती की."

"अहो, तुम्ही मेला असता!"

ह्यांनी माझा हात जरा घट्ट धरला.

खळ्यावर खड्डा खणेपर्यंत दुपार कलली. वरची माती गेल्यावर खाली कातळ लागला. पहार खणकन वाजायची आणि गुडघाभरापुढे जाईना. रखमाजी म्हणाले, असू द्या, दोर लावून धरू, बुडाशी दगड ठासू, तवर कुनी दोर सोडायचा न्हाई. मग बुंधा खड्ड्याच्या तोंडाशी आणला, पुढच्यांनी शेंडा डोक्यावर घेतला, मागून बांबूंचे रेटे दिले. चारी बाजूंनी दोर ताणले. दोर ओढायला बापये कमी पडले तेव्हा भागूबाईनं नऊवारीचा काष्टा आवळला आणि पुढचा दोर घेऊन ती थेट आमच्या कॅमेऱ्याच्या दिशेला आली. "होळी रे होळी!" आणि झाड उठलं. अडकलं, कललं, सगळ्यांचा जीव वर, आणि मग उभं राहिलं. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले देव जाणे.

वाटेत बरीच फुलं गळाली होती. ती उचलून कुणी कानावर खोवली होती, कुणी अंबाड्यात. पण शेंडा तसाच लालभडक. मागे नागफणी, उन्हं तिरपी.

"लवकर करा वो मास्तर!" रखमाजी ओरडले. "दगडं ठासूस्तवर उन्हं जात्याल!"

ह्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा. तीन पायांच्या स्टँडवर बसवायचा आणि वरच्या काचेत डोकावून बघायचं. बाजीरावांनी स्टँड उभा करून दिला. हे वाकले, काचेत डोळा घातला. एका बाजूचं चाक फिरवलं. पुढे फिरवलं, मागे फिरवलं. पुन्हा पुढे. आम्ही सगळे मागे श्वास धरून. दोरवाल्यांचे हात थरथरायला लागले होते. ह्यांची मान वर येईना आणि बटण काही दाबलं जाईना.

मी जवळ गेले. "काय झालं?"

"काही दिसत नाही गं," हे अगदी हळू म्हणाले. मान तशीच खाली. "लाल काहीतरी आहे. ती सावर आहे का कुणाचं लुगडं, कळत नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"धुरळा नव्हता त्या वर्षी," ते म्हणाले. "रीळही चांगलं होतं. मी गेल्या वर्षी भलत्याच झाडाकडे तोंड करून उभा होतो. मागून ही माणसं ओरडायला लागली, सावर हिकडं, सावर हिकडं, म्हणून मी घाईनं वळलो आणि ठेचकाळलो. मला वाटलं, एकदा फोटो निघाला तर... म्हणजे मग अजून दिसतंय असं होईल."

माझे डोळे भरून आले. राग आला, माया आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली, की हा माणूस एवढं सगळं एकटाच उराशी धरून बसला होता, आणि मी जिन्याच्या पायरीवरून टोमणे मारत होते. पण रडायला वेळ कुठे होता! पन्नास माणसं झाड धरून उभी.

"सरका," मी म्हटलं.

"अगं, तुला कुठे..."

"सरका म्हणते ना! काय करायचं सांगा."

हे सरकले. मी काचेत डोकावले. उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे, आणि सगळं दुधात बुडाल्यासारखं. हे माझ्या कानाशी बोलत होते, शिबिरात बोलायचे त्याच आवाजात. "उजेड कमी आहे, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडलंय. आता फोकस नेमका हवा. चाक हळू फिरव. फुलाची पाकळी न् पाकळी सुटी दिसली की थांब."

मी फिरवलं. दूध निवळायला लागलं. आणि एकदम काय काय दिसायला लागलं! दात-ओठ खाऊन दोर ओढणारा शिदू, सुटलेला फेटा दातात धरून हसणारे रखमाजी, आणि पुढे भागूबाई, पाय रोवून मागे रेललेली, तोंड उघडं, नथ चमकतेय. चाळीस वर्षं मी ह्या डब्याला शिव्या घातल्या, आणि आत इतकी गंमत असते हे मला कुणी सांगितलं नाही.

"फुलं आहेत?" ह्यांनी विचारलं.

"शेंड्याला आहेत. लालभडक."

"आणि नागफणी?"

"मागे. निळी पडायला लागलीय."

"माणसं?"

"आहेत. सगळी आहेत. त्यांना बाजूला व्हा म्हणालात तर झाड आपल्या डोक्यात पडेल."

हे हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "असू देत. स्पष्ट आलं?"

"आलं, अगदी आरशासारखं."

ह्यांनी माझ्या हातावरून चाचपत बटण शोधलं. मी म्हटलं "हं," आणि त्यांनी दाबलं. टिक् एवढाच आवाज. तेवढ्यासाठी गावानं देवळापुढची होळी डोंगरावर नेली होती.

"झालाऽऽ!" हिरा ओरडली आणि सगळ्या माळानं बोंब ठोकली.

नंतर होळी पेटली, भागूबाईनं नैवेद्य दाखवला, सगळ्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. खाता खाता ह्यांनी मला म्हटलं, "पण फोकस तर तू केलास. मग हा माझा फोटो धरायचा का?"

"बटण कुणी दाबलं?"

"मी."

"मग तुमचा. आता शब्द फिरवलात तर ह्या होळीची शपथ, तुमचा तो डबा मी आत टाकीन."

शब्द फिरवला नाही. धुळवड झाली आणि आम्ही पुण्याची गाडी धरली. ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. मी उशाशी बसून घास भरवत होते. पट्टी सोडली तेव्हा उजेड दिसला म्हणाले. बोटं दिसतात का, तर दिसतात, पण किती ते सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, चष्मा लागल्यावर कळेल. उजेड दिसणं वेगळं आणि दिसणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं, आणि चष्मा येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी मी विचारायचे, "बरं वाटतंय का?" आणि हे "ठीक आहे" म्हणायचे. ह्यांच्या "ठीक आहे"वर आता माझा काडीचा विश्वास उरला नव्हता.

चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. हे तो लावून घरभर फिरले. मला म्हणाले, "छान दिसतेस." ते तर आंधळा नवराही म्हणतो. मला समाधान वाटेना.

त्याच आठवड्यात कामशेतहून हिरा आली. तिनं बाजीरावांकडून रीळ धुऊन घेतलं होतं आणि सावरीचा फोटो मोठा करून आणला होता, चांगला वहीएवढा. कुरवंड्याला एक प्रत देऊनच आली होती. तिनं तो ह्यांच्या हातात ठेवला.

हे फोटो घेऊन खिडकीशी गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी. हे फोटो जवळ घेत, लांब धरत, पुन्हा जवळ घेत. बराच वेळ. मग कपाळाला आठी घालून म्हणाले,

"फुलं पुसट आलीयेत."

हिरा माझ्याकडे बघायला लागली.

"शेंडा सगळा पुसट. नागफणी पुसट. आणि ही भागूबाई बघा! नथीतला मोती न् मोती मोजून घ्या! फोकस सगळा पुढे धरलाय. अगं, मी तुला पाकळी म्हटलं होतं ना? तू नथीवर थांबलीस!"

"परत म्हणा," मी म्हटलं.

"काय परत?"

"फुलं पुसट आलीयेत म्हणा."

"आलीच आहेत! हे बघ ना, इथे. आणि इथे. हे शिदूच्या कानावरचं फूल तेवढं बरं आलंय..."

मी पोळपाट तिथेच ठेवला आणि हिराच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. हे चष्म्यातून एवढाले डोळे करून बघत राहिले. "अगं, पहिलाच फोटो तुझा. चूक होतेच. त्यात रडायचं काय?"

"बोला हो तुम्ही," मी पदरानं नाक पुसत म्हटलं. "आणखी चुका काढा."

आणि त्यांनी, खरं सांगते, भात करपेपर्यंत काढल्या.